मदत हवी आहे: लॅपटॉपची बॅटरी तासाभरात उतरते. ओरिजिनल घ्यावी, कंपॅटिबल घ्यावी की सेल बदलून घ्यावेत? (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. गणपती पेठेतली तीन दुकानं, मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते आणि कुपवाडचे दोन लहान कारखाने अशी माझी फेरी असते. लॅपटॉप खांद्याला लावायचा, त्यांच्या गल्ल्याशेजारी बसायचं, बिलं चढवायची आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० च्या आत ३बी (कर भरण्याचं रिटर्न) भरायचं. घरचं बरंचसं याच कामावर चालतं.

गेल्या महिन्यात २० तारखेला संध्याकाळी अडत्यांच्या गाळ्यावर लाईट गेली. बॅटरी ३१ टक्के दाखवत होती, म्हणून मी निर्धास्त होते. मालकांच्या मोबाइलवर ओटीपी आला, त्यांनी तो वाचायला घेतला आणि चौथ्या आकड्याला स्क्रीन काळी झाली. घरी विश्रामबागला येऊन रात्री साडेअकराला पुन्हा सगळं उघडलं, झोपलेल्या माणसाला फोन करून ओटीपी मागितला आणि रिटर्न भरलं. उशीर झाला असता तर दिवसाला ५० रुपये लेट फी त्यांच्यावर बसली असती, आणि माझ्यावरचा विश्वास गेला असता तो वेगळाच.

लॅपटॉप २०२१ च्या दिवाळीतला आहे. बाकी काहीच तक्रार नाही. एसएसडी आहे, ८ जीबी रॅम आहे, विंडोज ११ व्यवस्थित चालतं. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर ओळखीतल्या दोघींना मशीनच बदलावी लागली, माझी मात्र अजून तीन वर्षं सहज जाईल असं वाटतं. म्हणून टाकून द्यायला मन होत नाही.

बॅटरीचा रिपोर्ट काढला. ज्यांना काढायचा असेल त्यांनी स्टार्टमध्ये सीएमडी उघडायचं, ‘पॉवरसीएफजी’ टाइप करायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’. सगळं इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. माझे आकडे असे: डिझाइन कपॅसिटी ४१,०४० मिलिवॉट-अवर, सध्याची फुल चार्ज कपॅसिटी १७,९००, सायकल (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या) ४१२. म्हणजे नवी असताना १०० होतं ते आता ४४ उरलंय.

टॅली, ब्राउझर आणि वायफाय चालू असताना माझी मशीन साधारण १२ वॉट खाते. त्या हिशेबाने १७.९ वॉट-अवरमध्ये दीड तास निघायला हवा. निघतो जेमतेम एक. कारण आकडा तिशीत आला की ती काही न सांगता बंदच पडते. हे असं का होतं ते कोणी सांगेल का?

बॅटरी फुगलेली वाटत नाही. टचपॅड वर आलेला नाही, टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगत नाही. एक मात्र कबूल करते. माझी कामाची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत तिथे बसवत नाही, आणि त्याच खोलीत चार वर्षं चार्जर दिवसभर लावलेला असायचा, बॅटरी कायम १०० टक्क्यांवर. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय मशीनमध्ये आहे हे मला यंदा कळलं.

आता भाव. ब्रँडच्या अधिकृत केंद्रात ओरिजिनल ६,९०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. बसवायचे ४५० वेगळे. एक वर्षाची वॉरंटी, माल यायला दहा-बारा दिवस. इथल्या एका दुकानात कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण याच मशीनला बसणारी, २,४०० ला, सहा महिने वॉरंटी. ऑनलाइन तशीच १,८५० ला दिसते, पण बनवल्याची तारीख कुठेच नाही. मिरजेत एक जण आतले सेल बदलून देतो, १,६०० मध्ये.

इथल्या दुकानात मी २,४०० देऊनच टाकणार होते. मुलाने मागचं झाकण उघडलं, माझी बॅटरी काढून नव्या बॅटरीशेजारी ठेवली. लांबी-रुंदी सारखी, पिना सारख्या. माझ्या बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि ३,६०० एमएएच लिहिलंय. नवीवर तेच व्होल्ट आणि ५,२०० एमएएच. गुणाकार केला तर ती ५९ वॉट-अवरची होते. तेवढ्याच जागेत दीडपट माल कसा मावेल? शेजारच्या मसाल्याच्या दुकानात माझं जाणं-येणं आहे, तिथल्या काट्यावर दोन्ही ठेवल्या. माझी १९२ ग्रॅम, नवी १५८. मुलगा म्हणाला, ‘ताई, नवीन टेक्नॉलॉजी आहे, हलकीच येते.’ त्याच्यावर मी चिडले नाही, त्यालाही कोणीतरी तसंच सांगून माल दिला असणार. पण पैसे न देता परत आले.

तर अनुभवी लोकांनी सांगा. सेल बदलण्यात धोका किती? चांगली कंपॅटिबल ओळखायची कशी? जुन्या होत चाललेल्या मशीनवर सात हजार घालणं शहाणपणाचं आहे का? टाइप-सी पॉवर बँक कृपया सुचवू नका, माझी मशीन गोल पिनवरच चार्ज होते. मॉडेल नंबर हवा असेल तर व्यनि करा.

प्रतिसाद १

ताई, मी साताऱ्यात लॅपटॉप दुरुस्त करतो. आधी ती ३० टक्क्यांची गोष्ट. सेल म्हातारा झाला की आतला रोध वाढतो. साधं काम चालू असतं तोवर ठीक, पण एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि बॅटरीतलं सर्किट सप्लाय तोडतं. टक्केवारी हा नुसता अंदाज असतो, जुन्या बॅटरीत तो चुकतो. तीन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यातला एक कमजोर झाला तरी तिन्ही थांबतात.

सेल बदलून घेऊ नका. पूर्वीच्या बाहेरून निघणाऱ्या बॅटरीत १८६५० चे गोल सेल असायचे, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. मी स्वतः कितीतरी बदललेत. तुमच्यात चपटे पाऊच सेल आहेत. त्यांना बाहेरून पत्र्याचं कवच नसतं, स्पॉट वेल्डिंग जरा चुकलं किंवा सेलला टोच लागली तर आग लागते. शिवाय आतल्या चिपला जुन्या सेलचा हिशेब पाठ असतो. सेल काढले की कित्येक चिप कायमच्या लॉक होतात.

कंपॅटिबल घ्यायचीच तर तिच्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा, आणि तो बीआयएसच्या ॲपवर तपासा. लिथियमच्या बॅटरीला आपल्याकडे ती नोंदणी सक्तीची आहे. आणि तुम्ही काट्यावर ठेवली ते उत्तम केलंत. वजन खोटं बोलत नाही.

प्रतिसाद २

ओरिजिनल म्हटलं तरी बनवल्याची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. वापर नसला तरी लिथियम बॅटरी गोदामात पडून म्हातारी होते. माझ्या भावाने कोल्हापुरात ओरिजिनल म्हणून घेतली, ती तीन वर्षांपूर्वीची निघाली. बसवल्या दिवशीच रिपोर्टमध्ये ८३ टक्के.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. साताऱ्याच्या दादांनी कारण इतकं उलगडून सांगितलं की मिरजेचा विचार मी सोडून दिला. घरात दोन लहान मुलं आहेत आणि लॅपटॉप रात्री त्यांच्याच खोलीत असतो.

काल रात्री वहीवर हिशेब मांडला. ओरिजिनल बसवण्यासकट ७,३५०. तीन वर्षं चालली तर महिन्याला २०४ रुपये. कंपॅटिबल २,४०० ची, वर्षभर टिकली तर महिन्याला २००. मी इतके दिवस जिला स्वस्त समजत होते ती स्वस्त नाहीच. मग उरतो तो फरक एवढाच, की गाळ्यावर लाईट गेल्यावर स्क्रीनवरच्या ३१ वर मला विश्वास ठेवता यायला हवा. नवी बॅटरी खरोखर ४१ वॉट-अवरची असेल तर माझ्या वापरात तीन तास पंचवीस मिनिटं येतात. अडत्यांकडचं पूर्ण काम त्यात बसतं.

आज केंद्रात फोन केला. बॅटरी आली की लेबल आधी दाखवा, बनवल्याची तारीख सहा महिन्यांच्या आतली असेल तरच पैसे देईन, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी हो म्हटलंय. बसवल्यावर तिथेच बसून रिपोर्ट काढणार आहे, आणि घरी आल्यावर पहिलं काम ८० टक्क्यांची मर्यादा. कामाची जागाही उन्हाळा संपेपर्यंत खालच्या खोलीत हलवली.

आता एकच विचारायचं राहिलंय. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायला मन धजत नाही, कचऱ्यात दाबली गेली तर तिथल्या माणसांच्या हातात पेटायची. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे, म्हणजे ब्रँडच्या अधिकृत केंद्राने ती ठेवून घ्यायला हवी. पण फोनवरच्या मुलीला त्यातलं काही माहीत नव्हतं. सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये कोणी अशी बॅटरी रीतसर जमा केली आहे का? केली असेल तर ठिकाण सांगा. तोवर तिच्या पिनांवर टेप लावून ती स्टीलच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवीन.