घरातले सगळे बसून आहेत, हलवायचं कसं?

मेथीची_जुडी (डोंबिवली पूर्व)

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचते, आज विचारतेच.

आम्ही चौघं. नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडतो, नरिमन पॉइंटला ऑफिस, रात्री नऊला दारात. सासूबाई ६८ च्या, शुगर आहे, गोळ्या चालू, गुडघे कुरकुरतात. लेक चौथीत. मी घरून अकाउंट्सचं काम करते, म्हणजे खुर्ची ते ओटा आणि ओटा ते खुर्ची. मागच्या महिन्यात शाळेतल्या तपासणीत मुलाचं वजन वयाच्या मानानं जास्त निघालं. त्याच आठवड्यात सासूबाईंचं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं रिपोर्ट आलं, ८.१. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनीच जरा चाला, खाणं सांभाळा. सांगायला काय जातंय!

नवऱ्यानं पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. ते आता फक्त व्हॉट्सअॅपचा मेसेज आला की थरथरतं. मी ओट्स आणले, ते डब्यात तसेच आहेत. कोशिंबीर केली तर लेक त्यातले दाण्याच्या कुटाचे गोळे शोधून खातो आणि काकडी ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवतो. सासूबाई चहाबरोबर पौष्टिक म्हणवणारी बिस्किटं खातात, कारण पुड्यावर गव्हाची ओंबी काढलेली आहे. संकष्टी, दोन एकादश्या आणि दर गुरुवार, सगळ्याला साबुदाण्याची खिचडी. उपासाबद्दल आपण काही बोलायची सोय नाही.

सोसायटीच्या आवारात बॉल खेळायला बंदी, गाड्यांना लागतो म्हणून.

दोन विनंत्या आहेत. चौघांसाठी चार स्वयंपाक मला जमणार नाहीत. आणि पहाटे पाचला उठून योगासनं करा असं कृपया सांगू नका. पाचला मी उठतेच, डबे कोण करणार?

सह्यकडा

टीव्ही आणि मोबाइल बंद करा. प्रश्न मिटला.

मेथीची_जुडी

तुमच्याकडे मिटला का?

ताटवाटी (नाशिक)

मी आहारतज्ज्ञ आहे, पण आधी एक घरगुती प्रश्न. चौघांच्या एका वेळच्या जेवणाला भाजी किती घेता?

मेथीची_जुडी

भेंडी असेल तर पावशेर. कधी कधी त्यातूनच डबाही जातो.

ताटवाटी

वाटलंच. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ घरांत हेच असतं. पावशेर भेंडी चौघांत म्हणजे माणशी साठेक ग्रॅम, आणि चिरून, परतून ती आणखी आळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारसूत्रं काढली, त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाला भाज्या-पालेभाज्या मिळून ४०० ग्रॅम, फळं १००, डाळी-कडधान्यं ८५ आणि धान्य २५० ग्रॅम धरलंय. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. धान्य डोंगराएवढं आणि भाजी तोंडी लावायला.

म्हणून ओट्स विसरा. वेगळा पदार्थ आणायचा नाही, आहे त्याच ताटातली मापं बदलायची. भाजी अर्धा किलो आणा आणि पोळ्यांची कणीक कमी भिजवा. बटाट्याला मी भाजीत धरत नाही, तो धान्याच्या बाजूला. आमटीत डाळ मुठभर जास्त आणि पाणी कमी. संध्याकाळी मटकीची किंवा मुगाची उसळ घट्ट केली की लेकाला पोळी कमी लागते, त्याच्या लक्षातही येत नाही. आणि कोशिंबिरीचं म्हणाल तर काकडी चोचवू नका, लांब कापून मीठ-जिरेपूड लावून तो शाळेतून आल्या आल्या समोर ठेवा. भूक लागलेल्या वेळी ठेवलेली काकडी संपते, जेवणात वरणभाताशेजारी ठेवलेली उरते.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती पथ्याची म्हणून कुणी तीन-तीन खाल्ल्या तर साखर वाढणारच, शेवटी तेही पीठच. एक भाकरी, जोडीला पालेभाजी आणि घट्ट वरण. आणि बिस्किटाचा पुडा उलटा करून मागचं वाचून दाखवा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. बहुतेक पुड्यांवर पहिल्या तीन-चार नावांत मैदा, साखर आणि पाम तेल सापडतं, मग पुढं ओंबी काढा नाहीतर अख्खं शेत.

पीटीचे_सर (सातारा, निवृत्त)

बॉल बंद म्हणजे खेळ बंद, हे कुणी सांगितलं? आमच्या शाळेला मैदान म्हणजे कौलारू इमारतीमागची गल्ली होती, आणि एक चेंडू साठ पोरांत. म्हणून आम्ही बिनचेंडूचेच खेळ जास्त घेतले.

तुमच्या पार्किंगमध्ये खडूनं एक चौकोन आखा. लंगडी घ्या. ज्याच्यावर राज्य तो एका पायावर, बाकीचे दोन्ही पायांवर पळणार, चौकोनाबाहेर गेला की बाद. दोन मिनिटांत राज्य घेणारं पोर लाल होतं. दम, तोल आणि पोटऱ्या, तिन्हीचं काम एकदम. दुसरं विष-अमृत. राज्यवाल्यानं हात लावून 'विष' म्हटलं की जागच्या जागी उकिडवं बसायचं, सवंगड्यानं शिवून 'अमृत' म्हटलं की उठून पळायचं. वजन जास्त असलेल्या मुलांना हा खेळ मी मुद्दाम द्यायचो. शर्यतीत ती मुलं शेवटची येतात आणि मग येईनाशी होतात. विष-अमृतात तीच पोरं दुसऱ्यांना सोडवतात, त्यांची वाट बघितली जाते. आणि त्या उठाबशा किती झाल्या ते कुणी मोजत नाही, मोजायलाही लावू नका. वजनाचा विषय त्याच्यासमोर काढूच नका.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. तासभर व्यायाम म्हटलं तर कोण करेल? तासभर खेळ म्हटलं तर रात्री हाका मारून आणावं लागतं.

सूर्यनमस्कारही आहेतच. आमच्या जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, ही आम्हा पीटीवाल्यांच्या अभिमानाची गोष्ट. पण चौथीतल्या पोराला एकट्याला चटईवर उभं करू नका, कंटाळतो. शेजारी आई नाहीतर बाप पाहिजे, आणि तोही नीट वाकणारा.

८:०२_फास्ट (बदलापूर)

तुमच्या मिस्टरांसाठी लिहितो, आमची जात एकच. सीएसएमटीला उतरून शेअर टॅक्सीची रांग लावत असतील तर सोडायला सांगा. हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेनं चर्चगेटच्या बाजूला, तिथून खाली नरिमन पॉइंट. अर्ध्या तासात पोचतो माणूस. आठवड्याला पाच सकाळी म्हणजे १५० मिनिटं, मोठ्यांसाठी सांगतात तेवढी किमान भरली. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी चाललं तर धरायचे, २०२० च्या शिफारशीत ती अटही गेली. जिना, पूल, सगळं जमेला. पावसाळ्यात बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, चप्पल पायात.

दुसरं, साडेसहाला बॅगेत फुटाणे-शेंगदाणे पाहिजेतच. नाहीतर स्टेशनावर वडापाव आणि वर रात्री साडेनऊला पूर्ण जेवण, असं दोनदा होतं.

सुपलीतले_गहू (पुणे)

मी स्वतः ७१ ची, शुगर मलाही आहे, तेव्हा मी सासूबाईंच्या बाजूनं बोलणार.

उपास सोडायला सांगू नका गं. तो त्यांचा आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर बटाटा. आमच्याकडे आता वरीचे तांदूळ थोडे आणि दाण्याची आमटी भरपूर, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही. भोपळ्याचं भरीत चालतं, काकडी चालते. खिचडी महिन्यातून एखाद्या एकादशीला, वाटीभर. आणि उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेव, काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी साखर फार खाली येते. चालायला जाताना पदराला नाहीतर पर्समध्ये खडीसाखर हवीच.

जेवल्यावर शतपावली घालायला लाव, दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर उचलतात, माझ्या मीटरवर मला फरक दिसतो. गुडघे दुखत असतील तर घरातल्या घरात, देवघर ते गॅलरी. पाय उघडे नकोत, शुगरवाल्यांना बारीक जखम कळत नाही. आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं, असं कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. तोल सांभाळायला आमच्या वयात हे फार उपयोगी.

पण हे सगळं तू सांगू नकोस. सुनेनं सांगितलं की ते पथ्य, शेजारणीनं सांगितलं की युक्ती. त्यांच्या मंदिरातल्या एखाद्या बाईला हाताशी धर. आणि त्यांना बसवून ठेवू नकोस. भाजी आणायला त्यांनाच पाठव, अर्धा किलो आणायची म्हणजे कोवळी भेंडी निवडायला डोळा पाहिजे, तो तुझ्यापेक्षा त्यांच्याकडे आहे.

एक राहिलं. या सगळ्या सल्ल्यांत चिरणारे हात कुणाचे? अर्धा किलो भाजी म्हणजे दुप्पट धुणं, दुप्पट निवडणं. तुझं काम वाढणार असेल तर पंधरा दिवसांत पावशेरावर परत येशील.

मेथीची_जुडी

आजी, तुमचं शेवटचं वाचून मी पोस्ट नवऱ्याला पाठवली, काही न लिहिता. रविवारी त्यानं आठवड्याची मेथी आणि गवार निवडली, टीव्हीवर क्रिकेट लावून. गवारीच्या शिरा निम्म्या तशाच राहिल्या, पण मी काही बोलले नाही. लेकाला मटार सोलायला दिले, त्यातले पाव तरी कच्चेच पोटात गेले. जाऊ देत, भाजीच आहे.

ताटवाटी ताई, पुडा उलटा करून सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून स्वतः परत वाचला आणि "मैदाच आहे की मेला" म्हणाल्या. आता चहाबरोबर लाह्या चालू आहेत. साखर मात्र दीड चमचाच, त्यावर तह झालेला नाही.

सर, लंगडी जमली. बिल्डिंगमधली सात-आठ पोरं आली, दोन आयाही उतरल्या. पण दुसऱ्याच संध्याकाळी सेक्रेटरी खाली आले. फरशीवर खडूच्या रेघा आणि आरडाओरडा चालणार नाही म्हणतात. बॉल नाही हे मी तीनदा सांगितलं.

पीटीचे_सर

खडू नको, सुतळी टाका, खेळ झाला की गुंडाळायची. वेळ सहा ते सात ठरवून लेखी द्या आणि खाली चार पालकांच्या सह्या घ्या, एकट्या भांडू नका. ओरडणं थांबणार नाही, ते खरंच आहे. सेक्रेटरींना नातवंडं आहेत का बघा. असली तर पहिलं राज्य त्यांना द्या.