अनुभव धागा: गाडी धुताना पाणी किती जातं, आणि जातं कुठे?

निवांत (धागाकर्ता)

परवा गाडी धुता धुता एक उद्योग केला. नळी बादलीत सोडली आणि मोबाइलवर सेकंद मोजले. २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. माझी गाडी धुऊन होईतो नळी वीसेक मिनिटं चालू असते. त्यातली निम्मी मिनिटं ती जमिनीवर लोळत नुसती वाहत असते, कारण माझे दोन्ही हात स्पंजात. ३०० लिटर! हिशेब केलाच नसता तर बरं झालं असतं.

मग दुसरा उद्योग. फेसाच्या मागोमाग चालत गेलो. गाडीखालून निघालेला करडा ओघळ फरशीच्या उतारावरून कडेला गेला, वाळलेल्या पानांशी जरा घुटमळला आणि रस्त्याकडेच्या जाळीत उतरला. ती जाळी पावसाच्या पाण्याची. मोरीचं पाणी निदान शुद्धीकरणाच्या वाटेला लागायची शक्यता तरी असते. पावसाचं गटार वेगळं असेल तर त्यातलं पाणी सहसा जसंच्या तसं ओढ्या-नदीला मिळतं. म्हणजे माझा शाम्पू, चाकांवरचं वंगण, ब्रेकची काजळी, सगळं थेट.

तर मंडळी, लिहिते व्हा. तुम्ही काय करता? फसलेले प्रयोग आधी सांगा, ते जास्त उपयोगी पडतात. एकच विनंती, उत्पादनांची नावं नकोत, नाहीतर धाग्याचं दुकान होईल.

दोन बादल्या

माझी पद्धत नावातच आहे. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडका शाम्पूत बुडवायचा, गाडीचा एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. एवढी एकच शिस्त. सुरुवातीला धूळ भिजवून उतरवायला आणि शेवटी फेस काढायला झाडांना पाणी घालायची झारी वापरते. सगळं मिळून ३५ लिटरच्या वर जात नाही.

क्रम वरून खाली. आधी टप, काचा, बॉनेट, मग दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा पट्टा आणि बंपर शेवटी, कारण खरा चिखल तिथेच असतो. चाकांचा फडका वेगळा, आणि त्यांना तेच वापरलेलं पाणी चालतं.

काम झालं की साध्या पाण्याची बादली दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग पाणी हळूच ओता आणि तळाचा गाळ बोटांत चोळून बघा. कचकच लागते. एकच बादली असती तर ही कचकच फडक्यासोबत परत रंगावर गेली असती.

तिसरा मजला

आमच्या पार्किंगमध्ये नळच नाही. तिसऱ्या मजल्यावरून बादल्या उतरवायच्या, त्यामुळे पर्यावरणप्रेम आपोआप आलं.

मी न खळबळता धुण्याचं द्रावण वापरतो. ८ लिटर पाण्यात ३० मिली, बस. फेस येत नाही, आणि सुरुवातीला तेच खटकतं. फेस दिसला नाही की काही धुतलं जातंय असं आपल्याला वाटतच नाही! त्यातले घटक धुळीच्या कणांना वेढून निसरडे करतात आणि कण फडक्यात ओढले जातात. नंतर पाणी मारावं लागत नाही, कोरड्या फडक्याने टिपलं की झालं.

माझी पद्धत: सहा मायक्रोफायबर फडके बादलीत भिजत टाकायचे. एक काढायचा, हलका पिळायचा, दोनदा घडी घालायची. उलटसुलट धरून आठ बाजू मिळतात. एका बाजूने एकच सरळ पट्टा पुसायचा, की बाजू बदलायची. गोल गोल फिरवायचं नाही. आठही बाजू मळल्या की तो फडका बाजूला, परत बादलीत बुडवायचा नाही. त्यामुळे शेवटपर्यंत बादलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, आणि उरलेलं मी चाकांना वापरतो.

पहिल्यांदा मात्र फजिती झाली होती. जास्त घातलं तर जास्त स्वच्छ होईल म्हणून तिप्पट द्रावण ओतलं. काचेवर असे चिकट पट्टे उठले की संध्याकाळी समोरून दिव्यांचा प्रकाश पडल्यावर काही दिसेना. बाटलीवरचं माप गुमान पाळा.

काळी गाडी

धागाकर्त्यांनी फसलेले प्रयोग मागितलेत, हा घ्या.

बिनपाण्याचा स्प्रे मिळतो ना, मारा आणि पुसा? आणला. मातीच्या रस्त्याने दोन दिवस फिरून आलेल्या गाडीवर मारला आणि पुसला. दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं! बारीक, गोल गोल चरे. मातीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. मी पाणी वाचवलं आणि नंतर तो थर घासून पॉलिश करून घेतला. त्या कामाची पावती अजून जपून ठेवली आहे, स्वतःला दाखवायला.

स्प्रे वाईट नाही. दोन दिवसांची हलकी धूळ असेल तर उत्तम. बोट फिरवून रेघ उठते एवढं ठीक, पण बोटाला खरखर लागली तर पाणी घ्या.

निवांत

काळी गाडी, हे सोन्यासारखं लिहिलंत. मी तर कोरडा झटकणी-ब्रश फिरवायचो आणि वर ‘पाणी वाचवलं’ म्हणून मिरवायचो. उन्हात बघायची हिंमत अजून केलेली नाही.

खटका

नळी सोडायचीच नसेल तर तिच्या तोंडाला खटक्याची पिस्तूल-तोटी लावा. हात सुटला की पाणी बंद. प्रेशर वॉशरही मिनिटाला ६ ते ८ लिटरच घेतो, साध्या नळीच्या निम्मं. पण मजा येते म्हणून माणूस अर्धा तास तेच करत बसतो, तो भाग वेगळा.

रिठेवाली

माझा अनुभव जरा लाजिरवाणा आहे.

बाजारचा शाम्पू नको म्हणून रिठे रात्रभर भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून त्या पाण्याने गाडी धुवायचे. सुंदर फेस. सगळ्यांना ताठ मानेने सांगत फिरायचे, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. माझी बहीण माशांवर काम करते. ती एकदा आली, ते फेसाळ पाणी ओढ्याकडे जाताना बघून म्हणाली, ‘अगं, रिठ्याने मासे पकडतात लोक.’

तिने समजावलं ते असं: रिठ्याला फेस येतो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. डबक्यात रिठा घालून मासे गुंगवून पकडायची रीत जुनी आहे. म्हणजे माणसाच्या हाताला सौम्य म्हणून पाण्यातल्या जिवांनाही सौम्य, असं काही नसतं. ‘जैवविघटनशील’ लिहिलेल्या बाटलीचंही तेच. विघटन व्हायला जिवाणू लागतात, काही दिवस लागतात. ओढ्यापर्यंत पोचायला त्या पाण्याला पाच मिनिटं पुरतात.

आता गाडी गवतावर उभी करून धुते. पाणी थोडं असतं, तिथल्या तिथे जिरतं. रिठा सोडलेला नाही, बढाई सोडली आहे. (रिठ्याचं पाणी नीट गाळलं नाही तर वायपरखाली कोंडा अडकतो, हेही सांगून ठेवते.)

सोडा-व्हिनेगर

ताई, तुमच्यावरून आठवलं. मी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ‘घरगुती क्लीनर’ बनवला होता. फसफस बघून फार समाधान वाटलं. शाळेतलं रसायनशास्त्र नंतर आठवलं: आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि उरतं ते किंचित खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघं कामाचे. एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी, काचा लख्ख. सोडा कोरडाच मॅटवर भुरभुरून रात्रभर ठेवायचा, वास जातो. रंगावर सोड्याने घासू नका.

पांढरे ठिपके

आमच्याकडे पाणी इतकं जड की गाडी धुतली की कांजण्या आल्यासारखी दिसते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ठिपके घालवायला परत धुवायची आणि परत ठिपके.

स्वस्तातलं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, आकडा जितका जास्त तितके क्षार जास्त) आणून घरातलं सगळं पाणी तपासलं (घरचे वैतागले). नळाचं ४२०. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं ९५० च्या वर. एसीच्या नळीतून ठिबकणारं १२! एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ गार होऊन झालेलं दव, जवळपास ऊर्ध्वपातित. दमट दिवसांत रात्रभरात माझी अर्धी बादली भरते.

तेव्हापासून चाकं, मडफ्लॅप आणि खालचा चिखल यंत्राच्या टाकाऊ पाण्याने भिजवतो, आणि शेवटचा हात एसीच्या पाण्याने. एकही ठिपका नाही. टाकाऊ पाणी रंगावर वाळू देऊ नका, ते नळाच्या पाण्यापेक्षा वाईट डाग पाडतं. पावसाचं साठवलेलं पाणीही असंच मऊ असतं, फक्त फडक्यातून गाळून घ्या.

मिठाचा रस्ता

मी बर्फाच्या प्रदेशात राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटून पत्रा खातं. इथे तुमचे फडके आणि बादल्या हरतात, पोटाखाली हात कोण घालणार? मी सरळ यांत्रिक धुलाईकेंद्रात जातो, पण आधी एकच प्रश्न विचारून: पाणी परत वापरता का? चांगल्या केंद्रात गाळ बसवायच्या टाक्या असतात, तेल वेगळं काढायचा कप्पा असतो, गाळलेलं पाणी पहिल्या धुण्याला फिरवतात आणि ताजं फक्त शेवटच्या धारेला. आणि तिथलं मैलं पाणी सहसा सांडपाण्याच्या वाहिनीत जातं, पावसाच्या गटारात नाही. घरी धुणं नेहमीच हिरवं असतं हा गैरसमज आहे, असं माझं मत. भांडायचं असेल तर या.

काजळी

भांडत नाही, भर घालतो. सगळे शाम्पूबद्दल बोलताहेत, मला चाकांची जास्त धास्ती वाटते.

टायर ओझोनमुळे तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी क्रिया होऊन त्यापासून क्विनोन प्रकारचं नवं रसायन तयार होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या शहरी ओढ्यांमध्ये अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे पाऊस पडला की पटापट मरायचे. वर्षानुवर्षांचं ते कोडं २०२० साली उलगडलं, आणि गुन्हेगार निघाला हाच क्विनोन. ब्रेकच्या काजळीत तांबं असतं, तेही पाण्यातल्या जिवांना बाधतं. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आणली: २०२१ पासून ५ टक्के, २०२५ पासून अर्धा टक्का.

यातलं बहुतेक रस्त्यावरच झिजतं, आपल्या बादलीत अगदी थोडं येतं, हे कबूल. तरी मी चाकं जुन्या ओल्या चिंध्यांनी पुसतो आणि चिंध्या कचऱ्यात टाकतो. रिम चमकवायची तीव्र आम्लाची बाटली तर घरातून हद्दपार.

आळशी चालक

सगळे किती कष्टाळू आहात हो!

माझा उपाय: धुवायचीच नाही. दर आठवड्याला काचा, आरसे, दिवे, नंबरप्लेट आणि मागचा कॅमेरा ओल्या फडक्याने पुसतो. एक मग पाणी. आंघोळ दोन-अडीच महिन्यांनी. गाडी करडीच घेतली, धूळ अंगची वाटते.

अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा. तिच्यात यूरिक आम्ल असतं, उन्हात तापलेल्या रंगात डाग कायमचा बसतो. ती दिसली की उठतो. खरवडत नाही. ओला फडका त्यावर दहा मिनिटं पसरून ठेवतो, मग चिमटीत उचलल्यासारखं काढतो.

सुती

मायक्रोफायबर म्हणजे प्लास्टिकच ना? पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड. मशीनमध्ये धुतला की त्याचे बारीक धागे पाण्यात जातात. यावर कुणी काही करतं का? मी सुती वापरून पाहिलं. काचांना आणि आतल्या भागाला छान, पण रंगावर धूळ नुसती ढकलतं.

तिसरा मजला

सुती, पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. मी फडके हाताने, गार पाण्यात, जाड कापडाच्या पिशवीत घालून धुतो आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळतो, त्याने फडक्याची टिपायची ताकद जाते. चार वर्षं झाली, तेच सहा फडके चालताहेत.

निवांत

काल दोन बादल्या, एक झारी आणि सहा फडके घेऊन उतरलो. गाडी गवतावर घेतली. मोजून ३२ लिटर लागले आणि सव्वा तास, कारण फडक्याची कुठली बाजू वापरून झाली हे सारखं विसरत होतो. गाळ बोटांत चोळून पाहिला. दोन बादल्या, तुमचं खरं आहे, कचकच लागते.

टपाच्या मध्यावर हात पोचला नाही, तिथे धुळीची एक लांब पट्टी राहिली. म्हटलं, खालून कुणाला दिसतंय? संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, ‘मधे राहिलंय हो तुमचं.’