मशीन परत करायची घाई नको

"मास्क लावला की गुदमरतं, झोपेतच काढून फेकतो, सीपॅप परत देऊ का?" असं विचारलंत दादा, म्हणून लिहितोय. झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं हे मशीन, अजिबात परत देऊ नका. सुरुवातीला बऱ्याच जणांचं हेच होतं.

आधी मशीनमधलं रॅम्प चालू आहे का बघा. त्याने दाब कमी, म्हणजे ४ सेंमी पाणी (हे दाबाचं एकक) याच्या आसपास सुरू होतो आणि हळूहळू ठरलेल्या आकड्यावर जातो. मूळ दाब मात्र स्वतः बदलू नका, ते डॉक्टरांचं काम. मास्कची सवय जागेपणी करा, संध्याकाळी बातम्या बघताना लावून बसा. घरचे हसतील, हसू द्या.

माझी खरी डोकेदुखी गळतीची. मिशीमुळे मास्क नीट बसेना, फुस्सकन हवा थेट डोळ्यात. पट्टे आवळत गेलो तर नाकावर वळ उठले. शेवटी नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क घेतला, मिशी वाचली! झोपेत तोंड उघडं राहत असेल तर मात्र सहसा नाक-तोंड दोन्ही झाकणारा लागतो.

आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घसा कोरडा पडणारच, तेव्हा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी, वापरा. त्यात बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर घाला, रोज बदला. लाईट जाते म्हणाल तर मशीन इन्व्हर्टरवर घ्या; ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवला की बॅटरी जास्त पुरते.

बऱ्याच मशीनच्या स्क्रीनवर सकाळी गळती आणि एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा, दिसतो. तेवढं बघून सांगा, मग पुढचं बोलू.