मदत हवी आहे: जहाँआरा बेगमविषयी मराठीत काय वाचावं?

नमस्कार मंडळी. शाहजहानची थोरली लेक जहाँआरा (1614–1681) हिच्यावर महिला मंडळात अर्धा तास बोलायचं आहे. आई मुमताज 1631मध्ये गेली आणि सतराव्या वर्षी ही पादशाह बेगम, म्हणजे मुघल साम्राज्यातली पहिल्या मानाची स्त्री झाली. सुरत बंदराचा महसूल तिच्याकडे, स्वतःचं जहाज, दिल्लीतला चांदणी चौक तिच्याच कल्पनेतला. 1644मध्ये दिव्याच्या ज्योतीने कपडे पेटून ती मरता मरता वाचली. औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात डांबलं, तेव्हा हिने आपणहून कैद पत्करली आणि 1666मध्ये शाहजहान जाईपर्यंत सोबत राहिली. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच भिडतं.

गेल्या वर्षी दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्यात तिची कबर पाहिली. संगमरवरी जाळी, वर छप्पर नाही, कबरीवर माती आणि हिरवं गवत. गवताखेरीज माझ्या कबरीवर काही घालू नका, असं तिथल्या फारसी लेखात आहे. पाय निघेना.

तिने अजमेरचे सुफी संत ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींवर फारसीत ‘मुनिस-उल-अरवाह’ लिहिलं. त्याचा मराठी किंवा हिंदी अनुवाद कुणी वाचलाय का? आणि तिच्यावर मराठीत विश्वासार्ह असं काही? प्रेमप्रकरणांच्या ऐकीव कथा नकोत, त्या ढीगभर सापडल्या. कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे, कृपया लवकर सांगा.