'लोहिया लाउतारो'ला मराठीत काय म्हणावं?

सान मार्तीनवर लिहितोय. आर्जेन्टिना, चिले, पेरू यांच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा सेनानी १८१२ मध्ये ब्वेनोस आयरेसला उतरला आणि त्याच वर्षी आल्वेआर वगैरे मंडळींबरोबर त्याने 'लोहिया लाउतारो' काढली. लोहिया म्हणजे लॉज (आपल्याकडच्या 'लोहिया' आडनावाशी संबंध नाही, उच्चार फक्त जवळचा). पण 'लाउतारो लॉज' लिहिलं की एसटी स्टँडसमोरची पाटी डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवा.

— 'फ्रीमेसन लॉज' लिहा, संपलं (फ्रीमेसन किंवा मेसन ही शपथ घेऊन सभासद होण्याची बंधुसंघटना, लॉज म्हणजे तिची शाखा). फक्त शब्दशः 'मुक्त गवंडी' करू नका. स्पॅनिशमध्येही भिंत बांधणारा तो 'आल्बान्यील', हा शब्द अरबीतून आलेला. 'मासोन' म्हणजे संघटनेचा सभासद.

— फ्रीमेसन कशावरून? नेमका तोच वाद आहे. लाउतारो हा सोळाव्या शतकात स्पॅनिशांशी लढलेला, चिलेतल्या मापुचे जमातीचा सरदार. नाव त्याचं, उद्देश सत्तापालटाचा. १८१२ च्या ऑक्टोबरात या लॉजवाल्यांनी ब्वेनोस आयरेसचं सरकार उलथवलं. नियम तर असा, की सभासद राज्यप्रमुख झाला तर गंभीर बाबतीत त्याने लॉजला विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. चिलेचा प्रमुख झालेला ओहिगिन्स याच मंडळींतला. शपथ, गुप्तता हा साचा मेसनांचा, पण ही मेसनांची अधिकृत शाखा होती का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. स्वतः सान मार्तीनने नंतरही याबद्दल तोंड उघडलं नाही. म्हणून 'गुप्त मंडळी'. आपल्याकडे क्रांतिकारकांच्या संदर्भात हा शब्द रुळलेलाच आहे.

— ते लोक पत्रांत एकमेकांना 'लोस आमिगोस', म्हणजे 'मित्र' म्हणत. मग 'मित्रमंडळ' का नको?

— कारण मांडव आणि वर्गणी आठवते!

— उत्तरेकडे स्वातंत्र्यासाठी लढून कोलंबियाचा प्रमुख झालेल्या बोलिवारचं काय मग? तो तर पॅरिसमध्ये रीतसर मेसन झाला होता.

— त्याच्या बाबतीत 'मेसन लॉज' बरोबर. पण १८२८ च्या सप्टेंबरात त्याच्यावर खुनी हल्ला झाला आणि नोव्हेंबरात त्याने हुकूम काढून गुप्त संघटनांवर सरसकट बंदी घातली, नाव काहीही असो. त्या हुकमासाठी 'गुप्त मंडळ्या'च लागेल.

— ठरलं. पहिल्या उल्लेखात 'लोहिया लाउतारो ही गुप्त मंडळी', पुढे नुसतं 'लाउतारो मंडळी'. बोलिवारच्या पॅरिसपुरतं 'लॉज' ठेवतो.