मदत हवी आहे: रिपोर्टात ३४% आलंय, सोमवारी सबमिशन

सातरस्ता
अर्जंट आहे. प्रबंध तपासणीच्या रिपोर्टात ३४% दाखवतंय. गाईड फोन उचलत नाहीत. सोमवारच्या आत कमी कसं करायचं? "आधी विचारायला हवं होतं" छाप लेक्चर कृपया नको.

तळटीप
३४% कशाचे? दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्याचे की एआयने लिहिल्याच्या संशयाचे? दोन्ही रिपोर्ट वेगळे असतात. एम.ए. की पीएच.डी.? इंग्रजीत की मराठीत?

डबल_फास्ट
एवढं काय त्यात? पॅराफ्रेझिंगच्या, म्हणजे वाक्यं बदलून देणाऱ्या टूलमधून दोनदा फिरव, आकडा झपकन खाली येतो. आमच्या चुलतभावाने ठाण्यात बसून तेच केलं.

तळटीप
@डबल_फास्ट, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला की चुलतभाऊ येणार का?

निवृत्त_ग्रंथपाल
साम्य असेल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम वाचा. १०% पर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष थांबायचं, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजायची नसतात. ती वगळलीत का? आमच्या वेळी टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकच्या ग्रंथालयात बसायचं आणि कार्डांवर हाताने टिपणं काढायची. टक्केवारी फक्त हजेरीची असायची.

सातरस्ता
साम्य ७ आहे, त्याचं काही नाही. ३४ एआयचे. एम.ए., इंग्रजीत. विषय १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका. सगळं मी लिहिलंय!! एआयकडून फक्त इंग्रजी नीट करून घेतलं.

उंटावरचा_शहाणा
"फक्त" म्हणजे? स्पेलिंग-व्याकरण, की अख्खा परिच्छेद टाकून "छान लिहून दे"?

सातरस्ता
दुसरं. पण मुद्दे माझेच आहेत ना.

वसईकर_काका
असल्यांना सरळ नापास करा. डोकं वापरायचं नाही म्हणजे काय!

उंटावरचा_शहाणा
काका, दमानं. नुसत्या आकड्यावर कुणाला फासावर देता येत नाही. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने एआयचा मजकूर ओळखणारं स्वतःचं यंत्र जुलै २०२३ मध्ये गुंडाळलं, कारण ते बरोबर ओळखत नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध अशा यंत्रांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. माणसांनी लिहिलेले होते सगळे.

वसईकर_काका
पण हिने वापरलंय ना!

मोहरी_हिंग
विषय भारी आहे गं. अन्नपूर्णा महिला मंडळ घेतलंस का? प्रेमाताई पुरव, १९७५. त्याशिवाय खाणावळींवरचा प्रबंध म्हणजे मिठाशिवाय आमटी.

सातरस्ता
घेतलंय. त्यावरचं एक पुस्तक चॅटजीपीटीने सुचवलं, तेही संदर्भात टाकलंय.

निवृत्त_ग्रंथपाल
ते पुस्तक हातात घेतलंत? प्रकाशक कोण? न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या खोट्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले, ५,००० डॉलर दंड झाला. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. नाहीच मिळालं तर सूचीतून काढा.

तळटीप
मुलाखती मराठीत घेतल्यास ना? त्याही तिथेच पेस्ट केल्यास? नावांसकट?

सातरस्ता
हो, भाषांतराला. का?

तळटीप
त्या बायकांनी परवानगी तुला दिली होती, चॅटबॉटला नाही. पुढचं काही टाकण्याआधी नावं, पत्ते काढ. आणि एखादी मुलाखत रेकॉर्डिंगशी लावून बघ.

सातरस्ता
बघितली. करी रोडच्या आजी म्हणतात, "माणसं उधारीवर जेवली, मी वहीत लिहीत ऱ्हायले. गावाला गेली ती गेली. वही पावसात भिजली, मग बंबात घातली." प्रबंधात त्यांच्या नावावर आलंय की संपकाळात समाजाने परस्पर सहकार्यातून आर्थिक संकटावर मात केली. अर्थ साधारण तोच ना?

उंटावरचा_शहाणा
तोच?! आजींची उधारी बुडाली आणि तुझ्या प्रबंधात मात झाली. एआयचे शून्य टक्के आले असते तरी हे खोटंच राहिलं असतं.

तळटीप
अवतरणं आधी धर. मूळ मराठी जसंच्या तसं छाप, शेजारी तुझं स्वतःचं इंग्रजी, मोडकं असलं तरी चालेल. मग संशोधनपद्धतीच्या प्रकरणात लिहून टाक: कुठलं टूल, कुठल्या प्रकरणात, कशासाठी. कच्चे खर्डे, रेकॉर्डिंग, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी जपून ठेव, विचारलं तर दाखवता येईल. गाईड नसतील तर विभागप्रमुखांना मेल कर: एआयबाबत तुमचा नियम काय, आणि मुदतवाढ मिळेल का. विभागाविभागात फरक असतो.

झेरॉक्सवाला_मित्र
बाइंडिंग काळ्या रेक्झिनमध्येच करा, सोनेरी अक्षरं. शनिवारी दुपारपर्यंत टाकलंत तर सोमवारी सकाळी मिळतं. स्पायरल घेत नाहीत.

सातरस्ता
बाइंडिंग कुणी विचारलं?? अकरा मुलाखती आहेत, सगळ्या परत ऐकायच्या? मेल केलाय. पण ३४% कमी कसे करायचे ते अजून एकानेही सांगितलं नाही.

डबल_फास्ट
मी सांगितलं होतं.