मदत हवी आहे: आईचा मोल्डावाइट खरा आहे का आणि तो अंगठीत बसवावा का?

नमस्कार,

आईने दोन महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मोल्डावाइटचा न घासलेला, हिरवा खडा मागवला. खड्यासोबत आलेल्या कागदावर तो 'उल्केचे रत्न' आहे आणि हृदयचक्र उघडून आयुष्यात वेगाने बदल घडवतो, असे लिहिले आहे. आईचे माहेर लोणारचे. सरोवराच्या काठावर आणि लवणासुराच्या कथा ऐकत तिचे बालपण गेले, त्यामुळे आकाशातून आलेल्या वस्तूंविषयी तिला लहानपणापासूनच ओढ आहे. बाबा गेल्यापासून ती रात्री हा खडा मुठीत धरून झोपते. त्यामुळे खड्याची शहानिशा मला करायची आहे, पण तिचे मन न दुखावता.

वाचून जे समजले ते आधी लिहिते. चूक असल्यास कृपया सुधारावे. मोल्डावाइट हा उल्केचा तुकडा नव्हे. सुमारे 1 कोटी 48 लाख वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीतील बव्हेरिया भागात एक लघुग्रह आदळला आणि सुमारे 24 किलोमीटर व्यासाचे रीस विवर तयार झाले. त्या आघाताने तिथली वरच्या थरातली वाळू-माती वितळून पूर्वेकडे शेकडो किलोमीटर फेकली गेली आणि वाटेत थिजून तिची काच झाली. हे खडे मुख्यतः चेक प्रजासत्ताकातील दक्षिण बोहेमिया आणि मोराविया येथे सापडतात. व्ल्टावा नदीच्या मोल्डाऊ या जर्मन नावावरून त्यांना हे नाव मिळाले. लोणारच्या आघातातही काच तयार झाली, पण तिथला खडक बेसाल्ट असल्यामुळे ती काळपट आहे, हे आईला सांगितले तेव्हा तिने फार लक्ष देऊन ऐकले.

आता खड्याविषयी. त्याचे वजन 3.90 ग्रॅम आहे. दहापट भिंगातून आत लांबट बुडबुडे दिसतात आणि एका कडेला केसासारखी, वळणे घेत गेलेली पारदर्शक तार दिसते. ही तार लेशातेलिएराइटची, म्हणजे वितळलेल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांपासून झालेल्या शुद्ध सिलिका काचेची असावी, अशी मला आशा आहे. कारण बाटलीच्या काचेत ती नसते. मात्र 2020-21 च्या सुमारास टिकटॉकमुळे या खड्याची मागणी एकदम वाढली आणि बाजारात साच्यात ओतलेले, आम्लाने खरवडलेले नकली खडे भरपूर आले, म्हणून केवळ भिंगावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

घरच्या दागिन्यांच्या काट्यावर मी खडा दोऱ्याने पाण्यात टांगून त्याची घनता मोजली. तीन वेळा अनुक्रमे 2.36, 2.41 आणि 2.35 असे आकडे आले. मोल्डावाइटची घनता साधारण 2.32 ते 2.38 आणि बाटलीच्या काचेची 2.5 च्या आसपास असते, तेव्हा निकाल आशादायक आहे. अडचण अशी की खड्याच्या खाचांमध्ये हवा अडकते, पाणी त्यामुळे अधिक विस्थापित होते आणि घनता प्रत्यक्षाहून कमी दिसते. म्हणजे बाटलीची काचसुद्धा मोल्डावाइट म्हणून खपू शकते. पाणी उकळून निववले आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातला, तर ही हवा निघून जाईल का? कुणी हे स्वतः केले आहे का?

दुसरा प्रश्न धारण करण्याचा. एका ज्योतिषांनी बुधासाठी पाचूचे उपरत्न म्हणून हा खडा चांदीत बसवून बुधवारी करंगळीत घालायला सांगितले आहे. नवरत्नांच्या परंपरेत मोल्डावाइटचा उल्लेख मला कुठेच आढळला नाही. त्याची आध्यात्मिक ख्याती अलीकडची आणि पाश्चात्त्य आहे. हातात धरल्यावर ऊब येते, असे आई सांगते. काच ही क्वार्ट्झपेक्षा उष्णता कमी वाहून नेते, म्हणून ती स्पर्शाला तितकी गार लागत नाही, एवढे माझे उत्तर आहे. पण तिला त्या खड्याने शांत झोप लागते हेही मी रोज पाहते, आणि ते मला खोटे म्हणायचे नाही. परंपरेचा अभ्यास असलेल्यांनी याबाबत मत द्यावे.

तिसरा आणि सर्वांत तातडीचा प्रश्न: आमचे सोनार कोंदण करून डाख देताना खडा आतच ठेवणार म्हणतात. मोह्स मापावर कडकपणा जेमतेम 5.5 ते 7 असलेली ही काच आचेच्या झटक्याने तडकेल, अशी मला भीती वाटते. आधी अंगठी पूर्ण करून खडा शेवटी थंड असताना बसवता येतो का, की रोजच्या कामाच्या हातात घालण्याऐवजी तो गळ्यातल्या पदकात ठेवणेच बरे? खड्याला धक्का न लावता तपासणी करून देणारी, टेक्टाइट (मोल्डावाइटसारखी आघातातून झालेली काच) ओळखण्याचा अनुभव असलेली मुंबई किंवा पुण्यातील रत्नपरीक्षण प्रयोगशाळा कुणाला ठाऊक असल्यास तेही कळवावे. अंगठी पुढच्या बुधवारी करायला द्यायची आहे.